मुंजाजी मिस्त्रीचं उलटं स्टेअरिंग

वारंगा फाट्यावरच्या मुंजाजी मिस्त्रीला ट्रॅक्टरमधलं सगळं कळायचं. आपल्याला ट्रॅक्टरबाहेरचंही सगळंच कळतं असं त्याला वाटायचं, आन् घोडं तिथंच पेंड खायचं.

धरणावरच्या मच्छीमार सोसायटीच्या बारा बोटी होत्या. मोटर मागं, तिचा दांडा धरणारा गडीही मागं, आन् मान वाकडी करून पुढं बघायचं. मुंजाजीनं ठरवलं, ह्यांना ट्रॅक्टरचं स्टेअरिंग बसवून द्यायचं. गडी पुढं साहेबासारखा बसून बोट हाकील. सोसायटीच्या अध्यक्ष भिकाबाई शब्दाच्या पक्क्या. त्या म्हणाल्या, एका बोटीला बसवून दाखवा. जमलं तर बाराही बोटींचं काम तुमचं, न्हाई जमलं तर पुन्हा धरणाकडं फिरकू नका. मुंजाजीनं त्याच दिवशी फाट्यावर पेढे वाटून टाकले! आता काम फसलं तर तोंड दाखवायची सोय नव्हती.

त्यानं भंगारातलं स्टेअरिंग आणलं, त्याला गुंडाळलेल्या दोन तारा मागं मोटरच्या दांड्याच्या दोन बाजूंना बांधल्या आन् काठावरच फिरवून पाहिलं. स्टेअरिंग उजवीकडं, दांडा उजवीकडं. एकदम बराबर! बोट चालवणारा जगन डोकं खाजवत म्हणाला, "मिस्त्री, दांडा उजवीकडं केला की बोट डावीकडं जाती."

"वीस वर्षं झाली ट्रॅक्टर खोलून राहिलो," मुंजाजी म्हणाला, "आन् तू मला डावं-उजवं शिकवून राहिला?"

जगन बोटीतलं पाणी उपसायला लागला. वाद घालायची गरज कोणाला पडली होती?

ट्रायलला भिकाबाई स्वतः बोटीत बसल्या. बोट झोकात निघाली. पुढं डाव्या हाताला त्यांच्याच घरची नवी जाळी लावलेली होती. मुंजाजीनं तोऱ्यात स्टेअरिंग उजवीकडं फिरवलं, तर बोट जाळ्यांकडं वळली. त्यानं आणखी फिरवलं, ती आणखी वळली. मग त्याचा पाय ब्रेक शोधायला लागला. बोटीला कुठला आलाय ब्रेक! त्यानं फळीवर असा पाय हाणला की भिकाबाईंचा पानाचा डबा उडून पाण्यात गेला. पाठोपाठ बोट जाळ्यात घुसली, पंख्याला जाळं गुंडाळलं आन् मोटर बंद पडली.

दुसऱ्या बोटीनं ओढून आणलं तेव्हा मुंजाजीचं तोंड एवढंसं झालं होतं. त्यानं हातापाया पडून आणखी एक संधी मागितली आन् तारांची अदलाबदल केली. आता स्टेअरिंग उजवीकडं, बोट उजवीकडं. ह्या खेपेला मात्र त्यानं जगनला बसवलं.

जगन निघाला, जाळ्यांजवळ आला आन् बोट उजवीकडं काढायला त्यानं स्टेअरिंग डावीकडं फिरवलं. उभा जन्म दांडा उलटा ढकलण्यात गेलेला, हात दुसरं काय करणार? उरलेली जाळीही गेली. दुसरा गडी बसवला, तर तो थेट काठावरच्या बाभळीत घुसला.

भिकाबाईंनी पदर खोचला आन् तारा पहिल्यासारख्या बांधायला लावल्या. जगन पुन्हा बसला. फाटक्या जाळ्यांमधून वाट काढत, एका दोरीलाही धक्का न लावता त्यानं बोट फिरवून आणली. मुंजाजीनं हळूच आपली पान्ह्यांची पिशवी उचलली.

"थांबा मिस्त्री," भिकाबाई म्हणाल्या. "काम तुमचंच. बाराही बोटींना असंच चुकीचं बसवा."

मुंजाजीच्या जिवात जीव आला.

"आन् आता," त्या म्हणाल्या, "चुकू नका."