मागच्या खोलीत हालचाल

चोरी पलीकडच्या गल्लीत झाली होती, पण धसका घेतला चष्मेवाल्यांनी. ते दिवसभर दुकानात लोकांचे डोळे तपासत, बायको शाळेत शिकवायला जाई, आणि आठ महिन्यांपूर्वी विकत घेतलेलं घर सकाळी नऊपासून संध्याकाळी साडेपाचपर्यंत कुलपाच्या भरवशावर असे. म्हणून एका रविवारी त्यांनी गजरवाल्याला बोलावलं.

गजरवाला फार हळू बोलायचा, जणू चोर शेजारच्या खोलीतच बसलाय. त्याने टेबलावर तीन खोकी मांडली.

"हा नुसता बोंबलतो. हा बोंबलतो आणि दिवे लावतो. आणि हा..." त्याने तिसऱ्या खोक्यावर हात ठेवला. "हा सांगतो. बाईच्या आवाजात. कोणतं दार उघडलं, कुठल्या खोलीत कोण हललं, सगळं तुमच्या फोनवर."

"हाच घ्या," वह्या तपासणारी बायको मान वर न करता म्हणाली, "निदान त्या बाईचं तरी ऐकाल."

दारांना पट्ट्या लागल्या, खोल्यांच्या कोपऱ्यांत बोराएवढे काळे डोळे बसले. "हे डोळे अंगाची ऊब ओळखतात," गजरवाला कुजबुजला. "वारा, पडदा, सावली, कशालाही फसत नाहीत. फक्त पंधरा दिवस भोंगा बंद ठेवा. सुरुवातीला घरचीच माणसं वाजवतात तो."

मंगळवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी चष्मेवाले एका गिऱ्हाइकाच्या नाकावर तपासणीची जड चौकट ठेवून म्हणाले, "आता खालची ओळ वाचा."

"मागचं दार. उघडलं," खिशातला फोन म्हणाला. "मागची खोली. हालचाल."

"हे कुठल्या ओळीत लिहिलंय?" गिऱ्हाइकाने डोळे बारीक करून विचारलं.

गिऱ्हाइकं वाटेला लावून घरी पोचायला पाऊण तास गेला. वाटेतच बाई पुन्हा बोलली: "मागचं दार. बंद झालं." एवढं शांतपणे, की चष्मेवाले पळतच सुटले. घरी पाहतात तो पुढचं कुलूप जागच्या जागी, मागचंही जागच्या जागी. कपाटं बंद. पैसे, दागिने, सगळं जिथल्या तिथे. मागच्या खोलीत खिडकीपाशी एक वेताची खुर्ची होती, घराबरोबरच आलेली. त्यांनी बैठकीवर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

खुर्ची कोमट होती.

"ऊन पडलं असेल," संध्याकाळी घरी आल्यावर बायको म्हणाली. पण त्या खोलीत दुपारचं ऊन येत नाही, हे दोघांनाही माहीत होतं.

बुधवारी तीन दहाला पुन्हा तेच. चष्मेवाल्यांनी गजरवाल्याला फोन लावला.

"यंत्र खोटं बोलत नाही साहेब. ऊब असल्याशिवाय ते तोंड उघडत नाही. भूत असतं तर थंड असतं."

"गरम भूत नसतंच कशावरून?"

पलीकडे माहितीपत्रकाची पानं उलटल्याचा आवाज आला. "कंपनीला विचारून सांगतो," गजरवाला म्हणाला.

गुरुवारी मात्र कहर झाला. सकाळी निघताना चष्मेवाल्यांच्या निळ्या शर्टाचं गळ्याचं बटण तुटलं होतं. बायको तोवर शाळेत गेली होती. शर्ट आणि बटण पलंगावर टाकून ते दुसरा घालून गेले. दुपारी बाई ठरल्या वेळी बोलली. संध्याकाळी येऊन बघतात तर निळा शर्ट घडी घालून ठेवलेला, आणि बटण जागेवर. चार टाके, वर गाठ.

ते शर्ट हातात धरून स्वयंपाकघरात गेले. "हे बटण तू लावलंस?"

"मी आत्ता येतेय शाळेतून."

"मग याआधीची? आठ महिन्यांत दहा तरी बटणं लागली असतील."

"मी तुमचं एकही बटण लावलेलं नाही," बायको म्हणाली. मग तिच्या हातातलं भांडं हळूच ओट्यावर आलं. "पण वाळलेल्या कपड्यांच्या घड्या तर तुम्हीच घालता ना? शाळेत सगळ्यांना सांगितलंय मी. नवरा असावा तर असा."

"मी? मला घडी येते कुठे?"

दोघंही खाली बसली. आठ महिने दोघांच्या संसारात साखर पडली होती. बटण बघून चष्मेवाले बायकोशी गोड बोलत, घड्या बघून बायको नवऱ्याचं ऐकून घेई. आता कळत होतं, की हे सगळं गोड बोलणं भलत्याच कुणाच्या तरी जिवावर चाललं होतं. आणि ते कुणीतरी रोज दुपारी त्यांच्या घरात येऊन बसत होतं.

"उद्या रजा काढू," बायको म्हणाली. तिचा आवाज थेट गजरवाल्यासारखा झाला होता.

शुक्रवारी दोघं पुढच्या खोलीत पडदे ओढून बसली. तिथला काळा डोळा फडक्याने झाकून भोंगा चालू केला होता. चष्मेवाल्यांच्या हातात छत्री, बायकोच्या हातात शाळेची फूटपट्टी. घड्याळाचा काटा तीनवरून पुढे सरकला. तीन दहाला मागे किल्ली फिरल्याचा आवाज आला. कडी नाही तोडली, खिळा नाही घातला. सरळ, सवयीने, किल्ली फिरली.

"मागचं दार. उघडलं."

पावलं वाजली. हळू, ओढत, न बिचकता. ती ओट्यापाशी थांबली, पुन्हा निघाली. वेताची खुर्ची करकरली. "मागची खोली. हालचाल," बाई म्हणाली, आणि भोंग्याने असा टाहो फोडला की चष्मेवाल्यांच्या हातातली छत्री आपोआप उघडली. बंद करायचे चार आकडे डोक्यातून साफ उडाले. कान दाबत, छत्रीसकट ते मागच्या खोलीत घुसले.

खुर्चीवर एक म्हातारी बसली होती. मांडीवर त्यांचाच पांढरा शर्ट. श्रवणयंत्र काढून शेजारी खिडकीत ठेवलेलं. तिने वर पाहिलं, छत्रीकडे पाहिलं, आणि सुई पुढे केली.

"बरं झालं आलात. एवढी ओवून द्या बाबा. आज काही दिसतच नाही."

आणि चष्मेवाल्यांनी, भोंगा आकाश फाडत असताना, छत्री खाली ठेवून सुई ओवून दिली.

बायकोने भोंगा बंद केला तोवर दारात निम्मी गल्ली जमली होती. आजींनी श्रवणयंत्र कानात घातलं. "माणसं कशाला जमलीत? कुणी गेलं का?"

"आजी, तुम्ही आत आलात कशा?"

"किल्लीने." चाळीस वर्षं हे घर त्यांचं होतं. मुलाने विकलं आणि त्यांना दोन गल्ल्या पलीकडे आपल्या घरी नेलं. चष्मेवाल्यांनी पुढचं कुलूप नवं घेतलं होतं. मागचं दणकट म्हणून तेच ठेवलं होतं.

"पण बटणं का लावता?" बायकोने विचारलं.

"मुलगा चांगला आहे गं. सूनही चांगली. पण कशाला हात लावू देत नाहीत. 'आई, तुम्ही नुसत्या बसा.' किती बसायचं? इथे येऊन पाहिलं, तर कामाचा डोंगर." त्यांनी चष्मेवाल्यांकडे पाहिलं. "आणि गळ्याचं बटण एवढं ओढू नये. तुटतं."

आजींनी किल्ली मुकाट्याने टेबलावर ठेवली आणि त्या निघून गेल्या. कुलूप बदललं गेलं. घर अगदी सुरक्षित झालं. बाई पुन्हा म्हणून बोलली नाही. पलंगावर कपड्यांचा ढीग वाढत गेला आणि नवराबायकोत त्यावरून रोज खडाजंगी होऊ लागली. दोन आठवडे चष्मेवाले उघड्या गळ्याने फिरले. मग एका दुपारी दुकान तासभर बंद ठेवून ते आजींच्या मुलाच्या दारात उभे राहिले.

"या, या!" मुलगा म्हणाला. "तुमचे आभारच मानायचे होते. तुमच्या त्या गजरवाल्याकडूनच यंत्र बसवून घेतलं बघा. आई उंबऱ्याबाहेर गेली की लगेच कळतं. आता कुठे जात नाही ती."

आत आजी मऊ गादीच्या खुर्चीत बसल्या होत्या. समोर टीव्ही, दोन्ही हात मांडीवर, उताणे. कोपऱ्यातला काळा डोळा त्यांच्याकडे बघत होता. चष्मेवाल्यांच्या अंगावर सरसरून काटा आला. एवढा तर त्या कोमट खुर्चीनेही आला नव्हता.

"आजींची नजर तपासायला हवी," ते घाईघाईने म्हणाले. "सुई दिसत नाही त्यांना. दुकानात यावं लागेल."

"कधी?"

"रोज. दुपारी."

"रोज?" मुलगा दचकला. "इतकी वाईट आहे?"

"बरंच काम आहे," चष्मेवाले गंभीरपणे म्हणाले.

आजी तोवर उठल्याही होत्या. पायात चपला सरकवून त्यांनी दार ओढलं. भिंतीतून तोच थंड, शांत आवाज आला: "पुढचं दार. आई बाहेर गेली."

आजी उंबऱ्यावर थबकल्या. मागे वळून भिंतीकडे बघत म्हणाल्या, "हो गं बाई, संध्याकाळी येते."