आपलं हेडऑफिस सिकंदराबाद

राघवेंद्रराव उदगीरकरांनी आधी खिडकी लावली, मग दार लावलं आणि मगच त्या देशाचं नाव घेतलं, तेही अर्धंच. त्या देशात त्यांची लेक अपूर्वा राहत होती, आणि दोन वर्षांची नात. नातीच्या लेखी आजोबा म्हणजे मोबाइलात राहणारा माणूस. बोलणं संपलं की ती फोन उलटा करून आजोबा मागे कुठे गेले ते बघायची. हे कळल्यापासून राघवेंद्ररावांना घास गोड लागत नव्हता. पेन्शनवाल्यांना तिथे सलग वर्षभर राहता येतं, त्यासाठी निवृत्तांचा वेगळा व्हिसा असतो, असं अपूर्वानं सांगितलं आणि नांदेडच्या त्या घरात भरदिवसा खिडक्या लागू लागल्या.

"काम होईपर्यंत कुणाला बोलायचं न्हाई," त्यांनी चंद्रप्रभाबाईंना बजावलं. "लोक खोडा घालतात."

"कोण घालतंय?"

"तेच तर कळत न्हाई. म्हणून कुणालाच न्हाई. सख्ख्या माणसालाबी न्हाई!"

चंद्रप्रभाबाई बत्तीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, स्वतःच्या पेन्शनवाल्या. वर्गात कधी बोलायचं आणि कधी नुसती मान हलवायची हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्यांनी मान हलवली.

एका माणसाला मात्र सांगणं भागच होतं. चंद्रप्रभाबाईंच्या बहिणीचा, सिंधूचा मुलगा सत्यम लातूरला पासपोर्ट-व्हिसाची कामं करायचा. तो फोनवर म्हणाला, "काका, कागद मुंबईच्या कॉन्सुलेटला द्यायचे असतात. दोघांचे पासपोर्ट पाठवा, मी लावतो की."

राघवेंद्ररावांनी फोन ठेवला आणि डोळे बारीक केले.

"मुंबई! अगं, त्यांचं ऑफिस हैद्राबादला हाय. हैद्राबाद सोडून हा मला मुंबईला का धाडून राहिला? काहीतरी साटंलोटं हाय."

आता त्यांचंही अगदीच चुकत होतं असं नाही. रेल्वेच्या विभागीय कार्यालयात पस्तीस वर्षं काढलेला माणूस. रजा असो, बढती असो, टेबलाचा मोडका पाय असो, त्यांची प्रत्येक फाइल वर गेली ती मुख्यालयाला, सिकंदराबादला. नांदेडकरांचं मोठं ऑपरेशन हैद्राबादला, लग्नाचा बस्ता हैद्राबादला. मग व्हिसानंच काय घोडं मारलं होतं? शिवाय पावतीशिवाय कागद हातावेगळा करायचा नाही, हा त्यांचा नोकरीतला नेम. पासपोर्ट तर त्यांनी कापडी पिशवीत घालून कमरेलाच बांधला होता. अंघोळीच्या वेळी तेवढा तो खुंटीवर लटके, आणि खुंटीही न्हाणीघराच्या आतली.

"दोघांचे पासपोर्ट एकदम द्यायचे न्हाईत," ते म्हणाले. "अडकले तर दोन्ही अडकतील. आधी माझा घेऊन जातो."

"जा. तवर मी लातूरला सिंधूकडं जाऊन येते. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन हाय."

हैद्राबादला काचेपलीकडच्या बाईनं पासपोर्टचं शेवटचं पान उघडलं, पत्ता वाचला आणि पासपोर्ट परत सरकवला. "अंकल, पता महाराष्ट्र का है. आपकू मुंबई जाना पडता."

"मॅडम, नांदेड पूरा सिकंदराबाद के अंडर है!"

"वो रेल्वे का, अंकल. हमारा नै."

हा गडी असा हटतो होय! त्यांनी आपला पेन्शनचा आदेश काढला आणि त्यावरचा सिकंदराबादचा गोल शिक्का काचेला चिकटवून दाखवला. बाईनं तो मनापासून पाहिला. "बहोत अच्छा है, अंकल. मुंबई."

चार दिवसांनी चंद्रप्रभाबाई लातूरहून परतल्या तेव्हा राघवेंद्रराव दारातच उभे होते.

"सत्यम बोलला तेच ती बाई बोलली! त्याची ओळख पार हैद्राबादपर्यंत हाय बघ."

"अहो, दोघं एकच सांगतात म्हणजे खरंच असंल की."

"खरं असतं तर दोन ऑफिसं एकच कशाला सांगतील? पस्तीस वर्षांत दोन ऑफिसांचं एकमत झालेलं मी बघितलं न्हाई!"

मग त्यांनी थेट दिल्लीच्या दूतावासाला रजिस्टर पत्र धाडलं, पोचपावतीसह. सहा आठवड्यांनी उत्तर आलं, एका ओळीचं. महाराष्ट्रात राहणाऱ्यांनी मुंबईला अर्ज करावा.

"दिल्लीपर्यंत!" राघवेंद्रराव मटकन खुर्चीत बसले. "केवढी साखळी हाय!"

तोवर व्हिसासाठी काढून ठेवलेल्या पोलिसांच्या चारित्र्य दाखल्याची तीन महिन्यांची मुदतही टळली होती. त्याच संध्याकाळी अपूर्वाचा फोन आला. बोलता बोलता ती सहज म्हणाली, "बाबा, ती आता फोन उलटा करून बघत नाही. तुम्ही आतच राहता, हे तिनं मान्य केलंय."

राघवेंद्ररावांना एकदम रडू आलं. खिडकी सताड उघडी होती, पण उठून लावायचं काही त्यांना सुचलं नाही.

"चल मुंबईला," ते म्हणाले. "फसलो तर फसलो."

चंद्रप्रभाबाई स्वयंपाकघरात गेल्या. तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून त्यांनी आपला पासपोर्ट काढला, पदराला पुसला आणि नवऱ्यापुढे उघडून धरला. आत व्हिसा होता. वर्षभराचा.

"हे कधी केलंस?"

"तुमी हैद्राबादला होता तवा. लातूरहून सत्यमसंगं मुंबईला गेले. पासपोर्ट मागच्या आठवड्यात हाती आला. येत्या गुरुवारचं तिकीट हाय."

"अन् सिंधूचं ऑपरेशन?"

"तिचे गुडघे चांगले हाईत."

"मला एका शब्दानं सांगितलं न्हाई!"

"काम होईपर्यंत सख्ख्या माणसालाबी सांगायचं न्हाई, तुमीच म्हणाला होता. झालं काम. सांगितलं." मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "थांबले असते हो. पण लेकरू मोठं होऊन राहिलं."

राघवेंद्ररावांनी तो व्हिसा उजेडाकडे धरून पाहिला. शिक्का मुंबईचा होता आणि खरा दिसत होता. मग त्यांनी सदरा वर केला, कमरेची गाठ सोडली आणि पिशवी बायकोच्या हातात दिली.

"सत्यमला दे. पोलिसांचा दाखला नवा काढतो."

चंद्रप्रभाबाईंनी पिशवी घेतली. "पावती मागू का त्याला?"

"नको," राघवेंद्रराव म्हणाले.

त्या दारापर्यंत पोचल्या आणि मागून आवाज आला.

"झेरॉक्स तेवढी काढून ठेव."