वामनरावांचे साक्षीदार

आमचे शेजारी वामनराव घरात मासा मेला की अंघोळ करायचे. डोक्यावरून, थंड पाण्यानं, भर थंडीत. दिवसात तीन मेले तर तीनदा. तुम्ही म्हणाल, बिचाऱ्याला मासे पाळायची आवड असेल. तर तसंही नाही. मरतात का ते बघायलाच आणायचे. आता बोला.

त्याचं असं होतं. वामनराव पनवेलबाहेरच्या एका रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होते. बायको जाऊन पाच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. कारखान्याचं रंगीत पाणी हौदात चुना घालून निवळायचं आणि खाडीत सोडायचं, असं ठरत होतं. कागदावरच्या तपासण्या ठीक आल्या होत्या, साहेबांना फक्त यांची सही हवी होती. पण यांनी कुठल्याशा पुस्तकात वाचलेलं, की निवळलेल्या पाण्यात दहा मासे चार दिवस ठेवावेत, शेजारी साध्या पाण्यात दहा, आणि बघावं. कारखान्यात सगळे हसले, म्हणून यांनी काचेच्या दोन पेट्या आणून आमच्या सामाईक ओसरीवर मांडल्या. माशांना म्हणायचे साक्षीदार. मी एकदा भाताची शितं घेऊन गेले, तर आडवे आले. "वहिनी, साक्षीदाराला खाऊ घालू नये. साक्ष फिरते."

तळ्यातले बोटभर जिवंत मासे डब्यातून आणून द्यायची पारूबाय, खाडीकाठची कोळीण.

"भाऊ, खात नाय, पालत नाय, मंग यांचं करता काय तुमी?"

"विचारतो त्यांना."

"काय म्हंतात?"

"अजून बोलले नाहीत."

ती हसली खरी, पण डबा उचलताना म्हणाली, "खाडीत त्यो रंग आला त चिखलातली निवटी मासली पन जगायची नाय. मंग मी इकू काय, चिखल? जरा नीट इचारा त्यांना."

आता माझा पराक्रम सांगते. मासे सोडल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी वामनराव कामावर होते आणि रंगाच्या निवळलेल्या पाण्याच्या पेटीतले मासे वर येऊन तोंडं उघडीत होते. मला बघवेना. मी तांब्यानं अर्धी पेटी उपसली आणि विहिरीचं पाणी ओतलं. पुण्य केलं असंच वाटलं हो. दोन दिवसांनी बघावं तर दहाही साक्षीदार टुणटुणीत. वामनराव इतके खुश, की आळीत साखर वाटली. "वहिनी, पाणी निर्दोष. उद्या सही करून टाकतो."

माझ्या हातावर साखर तशीच राहिली. समोर पारूबाय टोपली घेऊन बसलेली. मग मी सांगितलं सगळं. वाटलं, आता हा माणूस आयुष्यात बोलणार नाही. ते पेटीकडे वळले आणि म्हणाले, "पारूबाय, आणखी वीस आण." पारूबाय मला म्हणाली, "वयनी, तुमचा तांब्या आमच्या घरावर फिरला आसता." आणि चालू लागली.

दुसऱ्या खेपेला दुसऱ्याच दिवशी रंगाच्या पेटीतले मासे कुशीवर व्हायला लागले. वामनरावांनी रजा टाकली आणि पेटीपुढं पाट मांडून बसले. एखादा मेला की अंघोळीपुरते उठत, जेवायला मात्र नाही. मी म्हटलं, "अहो, मधूनमधून येऊन मोजलंत तरी चालेल की. बसून राहा असं लिहिलंय का पुस्तकात?"

"नाही." पेटीकडं बघतच म्हणाले, "ही गेली तेव्हा मी कारखान्यात पाळीवर होतो. दवाखान्यात खाटेपाशी कुणी नव्हतं."

मी त्यांचं ताट तिथंच पाटाशी आणून ठेवलं.

चौथ्या दिवशी सकाळी नऊ मासे गेलेले, साध्या पाण्यातले दहाही धडधाकट. वामनरावांनी कागदावर लिहिलं, हे पाणी खाडीत सोडण्याजोगं नाही, आणि खाली सही केली. त्या सहीपायी त्यांची प्रयोगशाळा सुटली, गोदामात टाकलं त्यांना. आणि नवे हौद बांधून होईतो ते पाणीही खाडीत गेलं नाही. पण ते पुढचं. त्या सकाळी दहावा अजून कल्ले हलवत होता. वामनरावांनी त्याला ओंजळीत घेऊन चांगल्या पाण्याच्या पातेल्यात सोडलं, कागद खिशात घातला, आणि पायरीवर थांबले.

"वाचेल का हो?" मी विचारलं.

"नाही वाटत." मग जरा चाचरत म्हणाले, "वहिनी, मी येईपर्यंत बसाल त्याच्यापाशी?"

मी चुलीवरचा भात उतरवला आणि पातेल्यापाशी जाऊन बसले.