प्राध्यापकांचे एकटे मोजे

"माझ्या नजरेतून मुंगीही सुटत नाही," असं मामा ऐटीत सांगत, आणि सांगता सांगता कपाळावर चढवलेला चष्मा सगळीकडे शोधत. वजनमापे खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःला गुप्तहेर म्हणून नेमलं होतं. भाचीला मदतनीस नेमलं तेही त्यांनीच. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

भाची विद्यापीठाच्या अभिलेखागारात तात्पुरत्या नोकरीवर होती. विज्ञानाचा इतिहास लिहिण्यात हयात घालवलेल्या एका दिवंगत प्राध्यापकांचे कागद तिच्या ताब्यात आले होते. जी वस्तू जिथं सापडली तिथंच ठेवायची, हा तिथला कडक नियम. आता प्रत्येक गठ्ठ्यावर निघाला होता वाळू भरून गाठ मारलेला एक मोजा! तो तिनं इमानेइतबारे तसाच ठेवला. संध्याकाळी विभागप्रमुख बाई यादी तपासणार होत्या. मोज्यांपुढचा 'कशासाठी' हा रकाना रिकामा दिसला, तर कायम नोकरीवर पाणी सोडायचं.

मामांनी एक मोजा तळहातावर तोलला. "प्राचीन वजनं! प्राध्यापक तराजूवरच लिहीत होते ना?"

"दुर्बिणीवर, मामा."

"म्हणजे दिशाभूल! एकाचीही जोडी नाही, बघितलंस? गुन्हेगार एका पायाचा आहे."

"मग तो स्वतःचे मोजे इथं का ठेवेल?"

"प्रश्न विचारू नकोस, लिहून घे!"

पुरावा म्हणून मामांनी सगळे मोजे उचलून एका टेबलावर मांडले. एवढ्या विचारानं त्यांना घाम फुटला, म्हणून त्यांनी पंखा लावला. त्याबरोबर दुर्बिणीचा इतिहास खोलीभर उडायला लागला. भाची कागदांमागे धावली.

तेवढ्यात प्राध्यापकांच्या पत्नी दारात आल्या; कागद दिल्याची सही करायला त्यांना बोलावलं होतं. "अहो, पंखा लावायचा तर वर काही ठेवाल की नाही!" म्हणत त्यांनी हाताला लागले ते मोजे गठ्ठ्यांवर धपाधप ठेवले. कागद गप्प बसले. शेवटचा मोजा मात्र त्यांच्या हातातच राहिला.

"अगं बाई! हा पिवळ्या पट्ट्यांचा! 'माझा दुसरा मोजा कुठाय?' म्हणून रोज घर डोक्यावर घ्यायचे, आणि मी खुळ्यासारखी शोधायची!" त्या पोटभर हसल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. "याचा जोडीदार मी अजून कपाटात जपलाय. हा नेऊ का गं?"

"काकू, नियम..." भाची म्हणाली. एका गठ्ठ्यावर मोजा नाही, हे विभागप्रमुख बाईंना लगेच दिसलं असतं.

मामांनी काकूंच्या हातातला मोजा घेतला आणि खिडकीकडे तोंड करून ते खाली वाकले. बराच वेळ वाकलेले होते. मग पिवळ्या पट्ट्यांचा मोजा त्यांनी रिकामा करून काकूंच्या हातात ठेवला.

संध्याकाळी बाईंनी यादी वाचली: 'मोजे, वाळू भरलेले. कागद उडू नयेत म्हणून.' प्रत्येक गठ्ठ्यावर मोजा होता. एक बाईंच्या हाताला जरा कोमट लागला. त्यांनी सही केली. "पहिल्या तारखेपासून तू कायम."

घरी मामींनी मामांच्या पायांकडे पाहिलं. "दुसरा मोजा कुठाय?"

"तपास चालू आहे," मामा म्हणाले.