डाव्या हाताची कार्बाइन

आमच्या माडीवर भाड्यानं राहणारी सविता कुठलीही वस्तू घेताना आधी एकच विचारते, "मिटते का?" तिची खुर्ची मिटते, खाट मिटते, छत्री तर दोनदा मिटते. जे मिटत नाही ते तिच्या लेखी अर्धवट. वाशीमच्या दुकानदारांनी तिच्यापुढे हात टेकलेत.

हे वेड लावलं कार्बाइननं. सविता मूळची इंझोरीची, आता पोलिसात. उंची बेताची. जुनी लांब बंदूक खांद्याला असली, की बंदूकच हिला घेऊन निघालीय असं वाटायचं. मग ती शीघ्र कृती पथकात गेली आणि हाती आखूड कार्बाइन आली. ड्यूटी संपली की कार्बाइन जमा होते, घरी येत नाही. तरी आम्हाला ती पाठ आहे. सविता आमचं लाटणं छातीशी आडवं धरून समजावते. मागचा दस्ता आत सरकवला की जीपच्या दारात अडकत नाही. नळी आखूड, म्हणून बोळातही सहज वळते. लाटणं परत मिळेपर्यंत पोळ्या थांबतात, पण आमची मंडळीही तोंडात बोट घालून ऐकत राहते.

सविता डावखुरी. डाव्या हातानं जेवते म्हणून लहानपणी मार खाल्लेली. "काकाजी, कार्बाइनचा चालू-बंदचा खटका दोन्ही बाजूनं हाये," तिनं एकदा हळूच सांगितलं. "ज्यानं बनवली, त्याले माह्यासारख्याची आठवण होती."

परवा शेलूबाजारच्या चौकात एका खासगी जीपनं म्हाताऱ्याला उडवलं. मी बाजारालाच गेलो होतो. जमाव ड्रायव्हरला ओढायला धावला, तर चौकात बंदोबस्ताला असलेली सविता जीपच्या दाराला पाठ लावून उभी. कार्बाइन छातीशी, नळी जमिनीकडे, बोट घोड्यापासून लांब. लोक अंगावर येत होते आणि ती एकाच सुरात सांगत होती, की याला ठाण्यात नेऊ, पण मारू देणार नाही. एवढीशी बाई, पण बाकीचं पथक पोचेपर्यंत तिला कोणी ओलांडू शकलं नाही.

संध्याकाळी कौतुक करायला मी माडीवर गेलो. ती खाटेवर बसली होती, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून.

"बसा काकाजी जराशे," ती म्हणाली. "हात थांबूनच नाही राह्यले."

मी बसलो. तेवढ्यात इंझोरीहून आईचा फोन आला. आईला वाटतं, लेक ऑफिसात कागद लिहिते. फोन हातात धरवेना, म्हणून सवितानं तो स्पीकर लावून खाटेवर ठेवला. आईनं विचारलं, दिवस कसा गेला.

"आज कामच नव्हतं माय. बसून बसून कंबर दुखून राह्यली."

"मंग पाय लांब कर ना बाई जराशे."

सवितानं "हो" म्हटलं, आणि खरंच पाय लांब केले.