चारी दिवे

मोठ्या बाईंच्या लाँड्रीतून हॉटेलचे टेबलक्लॉथ उशिरा गेले, असं आजवर एकदाच झालं होतं, आणि तेही मागच्याच आठवड्यात. त्या दिवशी हॉटेलचा मॅनेजर फोनवर अगदी गोड आवाजात म्हणाला होता, "बाई, पुन्हा असं झालं तर समोरच्या लाँड्रीला विचारावं लागेल हं." तो ओरडला असता तर मोठ्या बाईंनी त्याला चार शब्द जास्तीचे ऐकवले असते. तो गोड बोलला, म्हणून त्या घाबरल्या.

उशीर झाला तो ड्रायव्हरकाकांमुळे. त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी गाडी बंद सांगितली. मोठ्या बाईंच्या मुलाला गाडी येत नव्हती, कारण त्यांनीच शिकू दिली नव्हती. तो गाडीवर गेला तर इस्त्रीवर कोण, असा त्यांचा सवाल होता. राहिली सून. तिने कुणाला न सांगता आधीच क्लास लावून लायसन्स काढलं होतं, ते आता सासूच्या पुढ्यात ठेवलं. मोठ्या बाईंनी ते उलटंपालटं करून पाहिलं.

"फोटोत हसायला काय झालं होतं?" एवढंच त्या म्हणाल्या.

शेवटी ठरलं ते असं. आजचा माल सून नेणार आणि मोठ्या बाई शेजारी बसणार. दुपारची जेवणं मांडायच्या आत टेबलक्लॉथ कोरडे आणि कडक पोचले तर गाडी यापुढे सुनेच्या ताब्यात. नाही पोचले तर गाडी विकायची आणि भाड्याचा टेम्पो लावायचा. सुनेला गाडी हवी होती. दिवसभर वाफेत उभं राहून कपडे मोजण्यापेक्षा चार जागी फिरून आणखी दोन हॉटेलं धरावीत, असं तिच्या मनात होतं. हे तिने नवऱ्याला सांगितलं होतं. नवऱ्याने आईला सांगायचं कबूल केलं होतं, आणि मग तो इस्त्रीच्या टेबलामागे जाऊन उभा राहिला होता तो अजून तिथेच होता.

नेमका सकाळपासून पाऊस लागला होता.

"आई, जरा थांबता का? फार जोराचा आहे," मुलगा म्हणाला.

"पावसाला काय माझी परवानगी लागते? प्लास्टिक गुंडाळ नीट. आणि ते गठ्ठे आडवे ठेव, उभे नको. घडी मोडली तर तुझ्या पाठीवरून इस्त्री फिरवीन."

गाडी निघाली. मागची सीट पाडून त्यावर पांढऱ्या टेबलक्लॉथचे गठ्ठे आडवे निजवले होते. मोठ्या बाई छत्री मांडीवर घेऊन ताठ बसल्या होत्या. बाहेर पाण्याचा नुसता पडदा लागला होता, आणि त्यात भर म्हणून धुकं उतरलेलं. सून पुढचे दिवे लावून, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून, सावकाश चालवत होती. इतकी नीट की मोठ्या बाईंना बोलायला काही सापडेना. पेट्रोल पंपापाशी मात्र सापडलं.

"चारी दिवे लाव."

"लावलेत की आई."

"हे नव्हेत. चारी कोपऱ्यांचे, लुकलुकणारे. तो लाल त्रिकोण दाब."

"आई, ते गाडी बंद पडली की लावायचे असतात. चालत्या गाडीत लावले तर मागच्याला वाटतं आपण थांबलोय. आणि कुठे वळतोय तेही त्याला कळत नाही. क्लासमध्ये शिकवलंय."

"क्लासमध्ये पाऊस होता?"

"नव्हता."

"मग झालं तर! आपले ड्रायव्हरकाका आभाळ नुसतं भरून आलं तरी लावायचे. इतकी वर्षं गाडीला ओरखडा नाही."

"काकांना दिसायचं नाही, आई. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. समोरच्यांनी आपणहून बाजूला व्हावं, म्हणून लावायचे ते. काकूंनीच सांगितलं मला."

मोठ्या बाईंनी मांडीवरची छत्री सरळ केली. ज्या माणसाच्या शेजारी बसून आपण वर्षानुवर्षं पेंगलो, त्याला समोरचं दिसत नव्हतं, ही बातमी पचायला थोडा वेळ लागतोच. पण पडलो तरी नाक वर, ही त्यांची जुनी रीत.

"बघ, म्हणजे न दिसणारा माणूससुद्धा त्या दिव्यांवर सुखरूप नेतो. तू तर चांगली डोळस आहेस. लाव."

आजचा दिवस वाद घालायचा नव्हता. सुनेने त्रिकोण दाबला. गाडीत टिकटिक सुरू झाली आणि मोठ्या बाईंच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

थोडं पुढे गेल्यावर एक क्रेन शेजारी आली. बंद पडलेल्या गाड्या ओढून नेतात ना, तसली. टपावर पिवळा दिवा गरगरत होता. क्रेनवाल्याने काच खाली केली आणि तो पावसातून ओरडला, "काय झालं, बाई?"

मोठ्या बाईंनी आपली काच बोटभर खाली केली. "कुणाला काय झालं?"

"गाडीला!"

"गाडीला काही झालेलं नाही. तुझं काम कर."

"तेच करतोय!" असं म्हणून क्रेनवाला मागे गेला आणि मागेच राहिला. सून हळू झाली की तो हळू व्हायचा, ती पुढे सरकली की तोही सरकायचा.

"हा का मागे लागलाय?" मोठ्या बाईंनी मान वळवून पाहिलं.

"आपण कधी बंद पडतोय याची वाट बघतोय."

"बघू दे. म्हातारा होईल."

क्रेनचा पिवळा दिवा पाहून तिच्यामागे एक बस थांबून थांबून चालू लागली. बसच्या मागे तीन मोटारी, त्यांच्या मागे दुधाचा टँकर. पुढे काहीतरी मोठं घडलंय, अशी सगळ्यांची खात्री होती. मग बसवाल्याने आपलेही चारी दिवे लावले, आणि त्याचं पाहून टँकरवाल्याने. बघता बघता एवढी मोठी रांग झाली की समोरून येणारे लोक गाड्या कडेला घेऊन, काचा पुसून बघू लागले.

"रस्ता कसा मोकळा मिळतोय बघ," मोठ्या बाई म्हणाल्या.

चौक आला. हॉटेलला जायला इथून उजवीकडे वळायचं होतं. सरळ गेलं की गॅरेजांची गल्ली. चौकात रेनकोट घातलेला ट्रॅफिक पोलीस उभा होता. त्याने चारी दिवे लुकलुकणारी गाडी पाहिली, मागची क्रेन पाहिली आणि जे कुठल्याही शहाण्या माणसाला वाटेल ते त्याला वाटलं. त्याने तिन्ही बाजूंची वाहनं अडवली आणि हात लांब करून गाडीला सरळ जायची खूण केली.

"उजवीकडे जायचंय ना गं?"

"हो, पण त्यांना कसं कळणार? मी उजवा दिवा दिलाय, पण चारी आधीच नाचतायत."

"थांब, मी दाखवते." मोठ्या बाईंनी काच खाली केली आणि छत्री बाहेर काढून उजवीकडे फिरवली. आता त्या बसल्या होत्या डावीकडे. त्यामुळे बाहेरून दिसलं ते एवढंच, की एक म्हातारी गाडीतून छत्री हलवून मदत मागते आहे. त्यातच बटण दाबलं गेलं. छत्री फटकन उघडली, वाऱ्याने हिसकली आणि टँकरवरून पलीकडे गेली. पोलिसाला बिचारीची दया आली. तो शिट्टी वाजवत पुढे धावला आणि म्हणाला, "घाबरू नका मावशी, सरळ जा, सरळ! गॅरेज जवळच आहे!"

मागे क्रेन चिकटलेली, क्रेनमागे बस. सून काय करणार? सरळ गेली.

गल्ली एवढी अरुंद की वळायची सोय नाही. मोकळं फाटक होतं ते एकाच गॅरेजचं. सून आत शिरली, मागोमाग क्रेन शिरली आणि फाटक बंद झाल्यासारखंच झालं. पत्र्याच्या छपराखालून एक मिस्त्री हात पुसत आला आणि म्हणाला, "या, या. अजून थोडी. बस! इंजिन बंद करा."

इतक्या ठामपणे कुणी सांगितलं की माणूस ऐकतो. सुनेने इंजिन बंद केलं.

"बाई, कसला आवाज येतोय का?" मिस्त्रीने बॉनेट उघडत विचारलं.

"माझा येतोय ना? मग ऐक. गाडी धडधाकट आहे," मोठ्या बाई खाली उतरून म्हणाल्या.

मिस्त्रीने क्रेनवाल्याकडे पाहिलं. "तू आणलीस ना?"

"मी आणली नाही. मी मागे आलो. पेट्रोल पंपापासून वाटतंय, आता पडेल, मग पडेल. चिवट आहे गाडी."

"मग दिवे कशाला लावलेत?"

"पाऊस दिसत नाही का तुला?" मोठ्या बाई कडाडल्या.

"दिसतोय की. पण पाऊस त्यांनाही आहे, त्यांनी लावलेत का?" मिस्त्रीने गल्लीतून जाणाऱ्या बसकडे बोट दाखवलं. बसचेही चारी दिवे लुकलुकत होते. हे पाहून मोठ्या बाईंना फारच जोर आला. दिवे आणि पाऊस यांचा संबंध काय, यावर त्यांनी तिथे जे बोलायला सुरुवात केली त्याला मध्ये स्वल्पविराम नव्हता. मिस्त्री ऐकत होता. क्रेनवाला ऐकत होता. शेजारच्या गॅरेजमधला पत्रा ठोकणाराही ठोकायचं थांबून ऐकू लागला.

"आई, निदान दिवे तरी बंद करते," सून मध्येच म्हणाली.

"पाऊस थांबलाय?"

"नाही."

"मग राहू दे. पुढचेही राहू दे. या लोकांना कळू दे, दिवे कसे लावतात ते."

बोलणं संपलं. क्रेन बाजूला झाली. दोघी गाडीत बसल्या. सुनेने किल्ली फिरवली. गाडीने घशातल्या घशात एक आवाज काढला आणि ती गप्प झाली. चारी दिवे एकदा मंद लुकलुकले आणि विझले. सकाळपासून त्यांनी जे सगळ्या गावाला सांगितलं होतं, ते शेवटी त्यांनी खरं करून दाखवलं.

सून काही बोलली नाही. बोलली असती तर मोठ्या बाईंना उत्तर देता आलं असतं.

"बॅटरी म्हातारी आहे," मिस्त्री म्हणाला. "चार्जिंगला लावावी लागेल. संध्याकाळी या."

"संध्याकाळी?" मोठ्या बाईंचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. त्यांनी मागे वळून गठ्ठ्यांकडे पाहिलं. इस्त्रीची धार अजून जशीच्या तशी होती. हॉटेल चौकापलीकडे, आणि समोरच्या लाँड्रीची गाडी कुठल्या क्षणी निघेल याचा नेम नाही.

सून मात्र एव्हाना उतरून क्रेनवाल्याशी बोलत होती.

"दादा, आम्हाला हॉटेलपर्यंत सोडाल? मालासकट?"

"नुसती माणसं नाही घेता येत, ताई. मालकाचा नियम आहे. मागे गाडी लावलेली असेल तरच गाडीवाल्यांना केबिनमध्ये बसवायचं."

"मग लावा ना गाडी!"

क्रेनवाल्याचा चेहरा असा उजळला, जणू पेट्रोल पंपापासूनच्या कष्टांचं चीज झालं. त्याने गाडीचं तोंड उचललं. सुनेने गठ्ठे आधीच केबिनमध्ये हलवले होते. अर्धे तिच्या मांडीवर, अर्धे मोठ्या बाईंच्या. सगळ्यांत वर मिस्त्रीकडून घेतलेलं कोरं प्लास्टिक.

"हनुवटी वर घ्या आई, डाग पडेल," सून म्हणाली. मोठ्या बाईंनी हनुवटी वर घेतली.

चौकात क्रेनवाल्याने एका बाजूचा दिवा दिला. एकच. पोलिसाने तो पाहिला, हात केला, आणि क्रेन गुमान वळली. मोठ्या बाईंनी ते बघितलं. त्यांनी ते बघितलं हे सुनेने बघितलं.

हॉटेलच्या पोर्चमध्ये मॅनेजर घड्याळ बघत उभा होता. आधी क्रेन आली, तिच्यामागे नाक वर केलेली गाडी आली, आणि केबिनमधून पांढऱ्याशुभ्र गठ्ठ्यांमागे बसलेल्या दोन बायका उतरल्या. त्याने वरचा टेबलक्लॉथ उलगडला. कोरडा. कडक.

"कमाल आहे बाई! गाडी बंद पडली तरी आलात?"

"आमच्याकडे गाडी बंद पडते," मोठ्या बाई म्हणाल्या, "काम बंद पडत नाही."

सुनेला खोकल्याची उबळ आली. मॅनेजर मात्र एवढा खूश झाला की वरच्या मजल्यावरच्या चादरी आणि टॉवेलही पुढच्या आठवड्यापासून तुमच्याचकडे, असं त्याने उभ्याउभ्या सांगून टाकलं. "पण रोज कोण आणणार? या पावसात?" त्याने विचारलं. मोठ्या बाईंनी छत्री सावरायला हात उचलला, आणि छत्री नाही हे लक्षात आल्यावर तो पदरावर ठेवला.

"आणेल ती," त्या म्हणाल्या. कोण ते त्यांनी सांगितलं नाही.

दोघी बाहेर आल्या. धुकं आणखी दाट झालं होतं. क्रेनवाला साखळी आवळत होता.

"ताई, मघाशी घाईत राहूनच गेलं," तो म्हणाला. "मागून येणाऱ्याला ही ओढलेली गाडी दिसायला नको का? तेवढे चारी दिवे लावा. आता खरंच लागतात."

सून गाडीत वाकली आणि तिने लाल त्रिकोण दाबला. पुन्हा दाबला. एकही दिवा लागला नाही. ती सरळ उभी राहिली आणि तिने सासूकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतेस?" मोठ्या बाई केबिनमध्ये चढत म्हणाल्या. "गाडी तुझी आहे. तुझं तू बघ."