फूशनलेसचे दोन साक्षीदार

'फूशनलेस' हा शब्द अजून कुणी बोलतं का, या एका प्रश्नाने निवृत्त गेडिस मास्तरांना पछाडलं होतं. स्कॉट्स भाषेचा कोश तयार होत होता आणि मास्तर त्यासाठी आपल्या गावातले शब्द गोळा करून पाठवत. रस गेलेलं गवत फूशनलेस, पोचट सलगम फूशनलेस, इथवर पुरावे जमले होते. पण अंगात जोर नसलेल्या माणसालाही जुन्या काळी फूशनलेस म्हणत, ते आज कुणी म्हणतं का? "निदान दोन जणांच्या तोंडची वाक्यं शुक्रवारच्या टपालाने पाठवा, नाहीतर हा अर्थ लुप्त म्हणून छापू," असं कोशाच्या कचेरीतून पत्र आलं.

"लुप्त? माझी आजी मरेपर्यंत म्हणायची!" मास्तर पेन्सिल घेऊन तडक लोहाराकडे गेले.

"काय रे डेव्ही, तुझ्या मेहुण्याला घणसुद्धा उचलत नाही. अशा माणसाला काय म्हणावं?"

डेव्हीने टोपी काढली. "अशक्त म्हणावं, मास्तर."

पोस्टातली बाई म्हणाली, "दुर्बल." खाटीक म्हणाला, "क्षीण." अख्खं गाव पुस्तकासारखं बोलत होतं. मास्तरांना काही उलगडा होईना.

गुरुवारी ते एल्स्पेटच्या शेतावर पोचले. ती गाडीत सलगमाच्या गोण्या चढवत होती. तिला बोलतं करावं म्हणून मास्तरांनी एका गोणीला हात घातला. गोणी गुडघ्यापर्यंत आली आणि मास्तर तिच्यासकट चिखलात बसले.

"अगं बाई! पारच फूशनलेस आहे हा म्हातारा!" एल्स्पेट ओरडली आणि तिने झटकन दोन्ही हात पाठीमागे लपवले.

"हात का गं लपवतेस?"

"या शब्दाला तीन पट्टे होते ना? वर्गात स्कॉट्स बोललं की तुमचा चामडी पट्टा निघायचा. तुम्ही विसरलात, मास्तर. गाव नाही विसरलं."

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चुकलंच माझं, एल्स्पेट," ते म्हणाले. "पण ते वाक्य पुन्हा म्हणशील? आणि अजून एक साक्षीदार हवाय गं."

शुक्रवारी सकाळी त्यांनी दार उघडलं, तर फाटकापर्यंत रांग लागलेली.

"मास्तर म्हणजे अगदीच फूशनलेस!" डेव्ही छाती काढून म्हणाला. "लिहा. आणि माझं नाव नीट घाला."

"नाव, गाव, तारीख... जरा सावकाश सांग रे! हं, पुढचा!" मास्तरांचा चेहरा नुसता खुलला होता.

रांगेत सर्वांत शेवटी त्यांची बायको उभी होती.

"अगं, तू कशाला?"

"लग्न झाल्यापासून रोज हेच म्हणतेय मी तुम्हाला," ती म्हणाली. "आज ऐकून घेताय, तर लिहूनही घ्या."